पाठीवर बसता येत नसेल तर?

पंढरपूरहून परतणारी श्री गजानन महाराजांची पालखी खामगावी मुक्काम करून शेगावी जाते. मागच्या खेपेस काकांच्या 11 वर्षांच्या मुलाला उचलून मी दर्शनाला नेले होते. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. मान धरत नाही, मुठी सदा आवळलेल्या. परतताना वाटेत वरातीचा एक घोडा बांधलेला दिसला, म्हणून थांबलो; तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, “याले कायले आनलं? हा का घोड्यावर बसनार हाय?” मी निमूट घरी आलो.

निमूट का आलो, याची मला अजून लाज वाटते. घोडा म्हणजे नुसती पाठ, असे आपण धरूनच चालतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे उदाहरण नेहमी देतात. 1944 साली पोलिओने त्यांचे पाय गुडघ्याखाली लुळे पडले, तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवले. गोष्ट थोरच. पण इतरांनी चढवून दिले की त्या खोगिरावर बसू शकत. ज्याची मानच ठरत नाही त्याला चढवणे धोक्याचे. मग त्याने घरीच पडून राहावे काय?

खरारा करणे, सपाट तळहातावरून चारा भरवणे, दोरी धरून घोड्याला सोबत फिरवणे, हे सारे जमिनीवरूनच होते. खरारा करायचा तर हात लांबवावा लागतो, मूठ सैल करावी लागते. नेमका हाच व्यायाम भिंतीकडे तोंड करून करताना आमचा भाऊ रडतो! ब्रिटनमध्ये 1969 साली स्थापन झालेली ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ तर काहींना व्हीलचेअरसकट गाडीत बसवते, शेजारी जाणता माणूस देते आणि लगाम हाती सोपवते. आपला टांगा याहून कितीसा वेगळा होता? आजार याने बरा होतो, असे मात्र मी म्हणत नाही; तसे म्हणणाऱ्यापासून दूरच राहावे.

टाकळीकर गोविंदबुवांच्या द्वाड घोड्याच्या चार पायांत महाराज निजले आणि घोडा शांत झाला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. महाराज त्याच्या पाठीवर बसले नव्हते, हे कुणाच्या ध्यानी येत नाही.

लग्नसराई संपली की वरातीच्या घोड्यांना फारसे काम नसते. घोडेवाल्याला त्याची मजुरी द्यावी, पशुवैद्याकडून घोडा तपासून घ्यावा (ग्लँडर्ससारखा रोग माणसालाही होतो), आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी महिन्यातून एकदा दोन-चार बालकांना तिथे न्यावे. एका घोडेवाल्याला मी विचारूनही आलो. तो म्हणाला, “सकाळच्या थंड वेळेले आना. पन मांगून येऊ नका, त्याले दिसत नाही. खांद्याकडून या.”

ज्यांना यायचे असेल त्यांनी माझ्याकडे नाव द्यावे. मी द्वितीय वर्ष कला शाखेत आहे.