तंत्राची ओसरी : चार वाटा, सारख्याच मोलाच्या



आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत कुणी ना कुणी नेटवर्कच्या नोकरीत आहे. उरलेल्या घरांत रात्री पुण्याला व्हिडिओ कॉल लावताना त्याच नेटवर्कला नावं ठेवणारे आहेत. या वेळचा विषय दोघांच्याही कामाचा आहे: एका जागेहून दुसरीकडे जायला सारख्याच खर्चाच्या अनेक वाटा असल्या, तर स्विच त्यांवर वाहतूक कशी वाटतो? याला ‘ईसीएमपी’ म्हणतात. इथे खर्च म्हणजे डॉलर नव्हेत, तर राउटिंगने वाटेला दिलेला आकडा.

एक खरं उदाहरण घेऊ. फेसबुकने २०१४ साली आयोवातल्या अल्टूना इथल्या डेटा सेंटरची रचना जाहीर केली. तिथे प्रत्येक रॅकच्या स्विचवरून वर जाणाऱ्या ४ लिंक होत्या, प्रत्येकी ४० गिगाबिटची, एकूण १६०. आपल्याला वाटेल, पत्ते वाटावेत तशी पॅकेटं एकेक करून वाटत असतील. सहसा तसं करत नाहीत. प्रत्येक वाटेवरची गर्दी वेगळी, त्यामुळे मागचं पॅकेट आधी पोचतं. टीसीपीला वाटतं, मधलं हरवलं. ते पुन्हा पाठवतं आणि वर वेगही कमी करतं. हरवलं काहीच नाही, गती मात्र गेली!

म्हणून स्विच एक संभाषण एकाच वाटेवर ठेवतो. पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक आणि प्रोटोकॉल या ५ गोष्टींवरून तो एक आकडा काढतो. हा हॅश. त्यावरून वाट ठरते. पाचही गोष्टी त्याच, तर वाटही तीच.

आपल्या दिवाळीच्या जेवणाला चार रांगा केल्या आणि आडनावावरून रांग ठरवली, असं समजा. कुटुंब एकत्र राहील हे खरं. पण एका घरची चौदा माणसं आली की ती रांग तुंबते आणि शेजारची मोकळी दिसते. तसंच, वरच्या उदाहरणात बॅकअपची एकच प्रचंड प्रत एकाच जोडणीवरून पाठवली, तर तिला ४० गिगाबिटच्या वर वेग मिळणार नाही, मग बाकीच्या तीन लिंक रिकाम्या का असेनात.

दुसरी गंमत पाहा. आडनावावरून लोकांना आधी दोन दालनांत पाठवलं आणि प्रत्येक दालनात दोन टेबलांसाठी पुन्हा तोच नियम लावला, तर पहिल्या दालनातले सगळे पहिल्याच टेबलावर जातील! दुसरं टेबल ओस. एकामागच्या एक स्विचमध्ये हॅशचं गणित तेच ठेवलं की हेच होतं. उपाय सोपा: प्रत्येक पायरीवर गणिताचं बीज वेगळं ठेवायचं.

खरी गोम पुढेच आहे. चारातली एक वाट पुरती तुटली, तर राउटिंग तिला वगळतं. पण ती अधूनमधून पॅकेटं गाळू लागली, तर बहुधा यादीत तशीच राहते. साधारण चारातली एक जोडणी तिच्यावर पडते. बाकीच्यांना सगळं झकास. तक्रार केली की उत्तर येतं, “आम्हाला तर नीट दिसतंय.” तपासणाऱ्याचं पिंग चांगल्या वाटेने गेलेलं असतं! परक्या देशात, परक्या भाषेत फोनवर भांडायला आपण आधीच बुजतो. मग आपलंच काही चुकत असेल, म्हणून गप्प बसतो.

तसं करू नका. जोडणी तोडून नव्याने जोडा. बहुधा आपल्याकडचा पोर्ट क्रमांक बदलतो, हॅश बदलतो आणि वाटही बदलू शकते. एकदा नीट, एकदा बिघडलेलं, असं होत राहिलं तर वेळांसकट लिहून ठेवा आणि तेच त्यांना सांगा.

आणि फोनच्या पलीकडे बसणाऱ्या आपल्या मुलामुलींना सांगणं: चारही लिंकची सरासरी पाहू नका, प्रत्येक लिंकवरच्या चुका वेगळ्या मोजा. वेगवेगळे पोर्ट वापरून चाचणी घ्या. साधा ट्रेसराउट वेगवेगळ्या वाटांची सरमिसळ करून दाखवू शकतो. २००६ साली आलेला ‘पॅरिस ट्रेसराउट’ एकाच वाटेचा माग ठेवतो. तक्रार करणारा एकटा असला तरी तो खरं बोलत असेल.

जाता जाता बाळगोपाळांसाठी कोडं. ० ते ११ हे आकडे घ्या. ४ ने भागून उरलेली बाकी म्हणजे वाटेचा क्रमांक. आता ३ क्रमांकाची वाट तुटली, म्हणून सगळ्यांना ३ ने भागा. किती आकड्यांची वाट बदलली? उत्तर: १२ पैकी ९! खरं तर तिघांनीच हलायला हवं होतं. उरलेल्या सहांना त्रास न देता हे कसं साधायचं, ते घरातल्या नेटवर्कवाल्याला जेवताना विचारा.