वाळूचा खंड कोणाचा?

राष्ट्रीय उत्पन्नात निसर्गसंपत्तीच्या खंडाचा वाटा किती, याचा देशवार हिशेब जागतिक बँक मांडते. वस्तूच्या बाजारभावातून ती काढण्याचा खर्च व रास्त नफा वजा जाता जे उरते, तो खंड. तो कोणाच्याही श्रमातून निर्माण झालेला नसतो. म्हणून त्यावर कोणा एकाचा हक्क असू शकत नाही. इराक, कुवेतसारख्या तेलसंपन्न देशांत हा वाटा प्रचंड आहे, भारतात अल्प. परंतु त्यावरून निसर्गाची लूट हा या देशात दुय्यम प्रश्न आहे, असा निष्कर्ष काढणे भ्रामक ठरेल. तेल, वायू, कोळसा, धातू, वने यांची मोजदाद करणाऱ्या त्या हिशेबात वाळू नाही.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात गोदावरी, प्रवरा, मुळा, सीना या नद्यांच्या पात्रांतील वाळू हीच खरी खाण आहे. 1957 च्या खनिज कायद्याने ती ‘गौण खनिज’ ठरते व तिचे नियमन राज्याकडे येते. नदीकाठच्या शेतकऱ्याला मात्र ती गौण नाही. वाळूचा थर पुराचे पाणी धरून ठेवतो आणि काठच्या विहिरींना सावकाश पुरवतो. तो खरवडला की विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठतात. विकलेली वाळू राष्ट्रीय उत्पन्नात जमा होते; आटलेली विहीर कोठेही खर्ची पडत नाही. उलट, ती खोल करण्यासाठी शेतकऱ्याने कर्ज काढून केलेला खर्चही उत्पन्नवाढच समजला जातो!

1 मे 2023 रोजी श्रीरामपूर तालुक्यातील नायगाव येथे राज्यातील पहिले शासकीय वाळू विक्री केंद्र सुरू झाले. दर ब्रासला 600 रुपये ठरला. सामान्य माणसाला घर बांधणे परवडावे, हा हेतू स्तुत्यच होता. परंतु बाजारभाव चढा असताना स्वस्तात विकल्याने खंड नाहीसा होत नाही, तो केवळ हात बदलतो. ज्याच्यापाशी वाहन व वशिला, त्याच्या पदरी पडतो. एप्रिल 2025 मध्ये शासनाने ही पद्धत मोडीत काढून पुन्हा लिलावाची वाट धरली. लिलावाने तिजोरीत भर पडते हे खरे. पण बोली जिंकणाऱ्याचे हित मंजुरीहून अधिक उपसण्यातच असते. आणि मोजमापाची किल्ली दोन्ही पद्धतींत महसूल यंत्रणेकडेच राहते.

25 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने निर्णय दिला की, स्वामित्वधन हा कर नव्हे; खनिजाच्या हक्कापोटी पट्टा देणाऱ्यास मिळणारा तो मोबदला आहे. मग हा मोबदला अखेर कोणासाठी? समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावे, असे संविधानाचे 39 वे कलम राज्याला बजावते.

याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने बोअरवेलच्या पाण्यावर शेती करण्यास बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला. जे गाव पाणी मोजू शकते, ते वाळूही मोजू शकते. प्रत्येक घाटाचे मोजमाप ग्रामसभेसमोर व्हावे, उपशाचे आकडे चावडीवर लागावेत आणि स्वामित्वधनाचा निश्चित भाग काठच्या विहिरींच्या पुनर्भरणासाठी बांधून द्यावा, या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी गावोगाव जावे. दिल्लीच्या ताळेबंदात वाळूचा रकाना उघडेल तेव्हा उघडेल. गावाच्या वहीत तो आजच उघडता येईल.