शिक्का वाचता येतो का?

"आयएसआय आहे साहेब, डोळे झाकून घ्या!" सोलापुरात इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलं की हे वाक्य ऐकायला मिळतंच. आणि बाहेर चहाच्या टपरीवर त्याचं बरोबर उलटं: "सोड बे, पैसे फेकले की मिळतात ते शिक्के." मला दोघांचाही सारखाच राग येतो, कारण दोघांनीही तो शिक्का आयुष्यात एकदाही वाचलेला नसतो. हो, वाचलेला! त्यात मजकूर असतो.

इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन 1947 साली निघाली. 1987 मध्ये तिच्या जागी बीआयएस आली, पण आयएसआय हा शिक्का तसाच राहिला. त्या चित्राच्या वर एक आयएस नंबर असतो आणि खाली सीएम/एल असं लिहून परवान्याचा नंबर. हे दोन्ही नसतील तर ते नुसतं चित्र आहे, आणि चित्र काय, कुठलाही स्टिकर छापणारा काढून देतो. आयएस 694 म्हणजे पीव्हीसी वायर. 302 ची मालिका घरगुती उपकरणांची. दोन्ही नंबर मिळून अर्थ एवढाच: अमुक कारखान्याला अमुक वस्तू अमुक मानकाप्रमाणे बनवून त्यावर शिक्का मारायचा परवाना आहे. शिक्का कारखानाच मारतो. बीआयएस तुमच्या हातातला नग तपासत नाही. कारखाना पाहून, नमुने तपासून परवाना देते, आणि पुढे अधूनमधून कारखान्यातून, बाजारातून नमुने उचलते. म्हणजे टपरीवाल्याला वाटतं तितकं ते पोकळ नाही, आणि दुकानदार म्हणतो तसं डोळे झाकण्याइतकं भक्कमही नाही. वायर, इस्त्री, गिझर, पाणी तापवायचा रॉड यांना 2003 च्या केंद्राच्या आदेशापासून हा शिक्का सक्तीचा आहे.

मोबाइलच्या चार्जरचं प्रकरण वेगळं. त्याच्यावर आर- ने सुरू होणारा नंबर असतो, 2012 च्या आदेशाने सुरू झालेल्या सक्तीच्या नोंदणीतला. तिथं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आणि उत्पादकाची स्वतःची घोषणा यावर नोंदणी होते, आधी कुणी कारखाना बघायला जात नाही. आयएसआयपेक्षा हे वचन हलकं आहे. सीई तर भारतासाठी नाहीच. ती युरोपात माल विकण्यासाठीची खूण, आणि विजेच्या बहुतेक वस्तूंवर उत्पादक ती स्वतःच्या जबाबदारीवर स्वतःच लावतो. ("सीई म्हणजे चायना एक्सपोर्ट" हा फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना दंडवत. असा कुठलाही शिक्का अस्तित्वात नाही.) बीईईचे तारे विजेची बचत सांगतात, सुरक्षेबद्दल त्यात एक अक्षर नाही. तरी "फाइव्ह स्टार आहे, शॉक नाही बसणार" हे मी या कानांनी ऐकलंय!

आमच्या धंद्यात ब्राउझरमधल्या कुलपाचं असंच झालं. कुलूप एवढंच सांगतं की मधे कुणी ऐकत नाही आणि पत्ता त्याच साइटचा आहे. समोरचा चोर आहे की साव, हे ते सांगत नाही. लोक मात्र कुलूप दिसलं की कार्डाचा नंबर देऊन मोकळे.

मागे एक्स्टेंशन बोर्ड घेताना दुकानदारानं मला शिक्का दाखवला. होता की! वायरवर. आयएस 694. बोर्डावर, आतल्या सॉकेटवर, प्लगवर काहीही नाही. वायर परवान्यातली आणि तिच्या टोकाला लावलेला डबा बेवारस. मी फोनवर बीआयएस केअर काढून त्यात सीएम/एल नंबर टाकला. कारखान्याचं नाव, पत्ता, वस्तू, परवाना चालू की संपलेला, सगळं येतं. वायर खरी निघाली. दुकानदार माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी साडीचे धागे मोजायला बसलोय. मार्च 2025 मध्ये दिल्लीत एका बड्या ऑनलाइन कंपनीच्या गोदामातून बीआयएसनं गिझर, मिक्सर धरून साडेतीन हजारांवर वस्तू जप्त केल्या, शिक्का नसलेल्या किंवा खोटा शिक्का असलेल्या. म्हणजे मोठं दुकान गाठलं की सुटलो, असंही नाही.

पण माझं खरं भांडण पुढेच आहे. आपला पत्र्याचा कूलर! एप्रिल-मेमध्ये पारा 43 च्या पुढे गेला की गल्लोगल्ली दिसतो. मोटार शिक्क्याची, पंप शिक्क्याचा, वायर शिक्क्याची. हे सगळं एका लोखंडी पेटीत, पाण्याच्या शेजारी, कुणीतरी दुपारभरात जोडलेलं, आणि त्या जोडणीवर कुणाचाच शिक्का नाही. वर दोन पिनांचा प्लग. ओलाव्यानं मोटारीचं इन्सुलेशन गेलं की पत्र्यात करंट येतो. अर्थिंग धड असेल तर तो जमिनीत जातो आणि एमसीबी पडते. नसेल तर ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कूलरमध्ये घागर ओतणारी बाई, ती त्याची वाट. आणि शिक्क्याची, उत्तम, खरी एमसीबी गप्प बसते, कारण 16 अँपिअरच्या एमसीबीला माणूस मारणारा 100 मिलिअँपिअर दिसतच नाही. तिचं काम वायर वाचवणं. सगळे सुटे भाग पास, सिस्टीम नापास. सॉफ्टवेअरवाल्यांना हे समजावून सांगायला नको.

18 मे 2025 ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ माणसं गेली. त्याचं कारण मी इथं ठरवत नाहीये. पण कुठलीही आग लागली की 'शॉर्ट सर्किट' हे दोन शब्द छापून येतात आणि विषय मिटतो, याचा संताप येतो. कुठली वायर? तिच्यावर भार किती? ब्रेकर कितीचा, आणि तो पडला का नाही?

तर कूलर लावताना तीन पिनांचा प्लग मागा, अर्थची वायर पत्र्याला स्क्रूनं घट्ट कसलेली डोळ्यांनी बघा, आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ती सतत ताडून बघते, फरक पडला की तोडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. वायरमन म्हणेल, "काय की साहेब, ही सारखी ट्रिप होते, काढून टाकू?" सारखी ट्रिप होतेय म्हणजे घरात कुठंतरी गळती चालू आहे. त्याला ती शोधायला लावा, आणि ती सापडेपर्यंत मजुरी देऊ नका.