भुताच्या नावे टाकलेला महाल

भोपाळ म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक, शाळेच्या पुस्तकातली १७३७ ची लढाई, जिच्यात थोरल्या बाजीरावाने निजामाची कोंडी केली. आणि दुसरी, डिसेंबर १९८४ मधली ती विषारी वायूची रात्र. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मावशीकडे जाईपर्यंत मलाही याहून अधिक ठाऊक नव्हते. मधला थोडा खंड सोडला तर तिथे शंभर वर्षांहून अधिक काळ चार बेगमांनी एकीमागून एक राज्य केले, हेसुद्धा मी तिथेच प्रथम ऐकले.

पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मावसभाऊ म्हणाला, "चल, तुला ताजमहाल दाखवतो." मला वाटले, थट्टा करतोय. पण भोपाळात खरोखरच एक ताजमहाल आहे. शहाजहान बेगमेने तो १८७१ साली बांधायला घेतला आणि १८८४ साली पुरा केला. आग्र्याचा ताजमहाल ही कबर; हा मात्र राहता राजवाडा. सव्वाशेच्या घरात खोल्या, मोठमोठी दालने, एक शीशमहाल, आणि पाणी खेळवून श्रावण-भाद्रपदातल्या पावसाचा भास निर्माण करणारी 'सावन-भादों' नावाची जागा! खर्च आला तीस लाख रुपये, तोही त्या काळचा. वास्तू पूर्ण झाल्यावर तिचा जश्न म्हणे तीन वर्षे चालला. आज शहरातल्या नाइट-क्लबांत रात्रभर रोषणाई आणि नाचगाणे चालते त्याचे आपल्याला अप्रूप वाटते. इथे तीन वर्षे दिवे मालवले नव्हते.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार पडत होता. गच्चीवर गवत वाढलेले, कमानींचा गिलावा सुटलेला, काही भाग ढासळलेला. मावसभाऊ आवाज खाली आणून म्हणाला, "रात्री इथे घुंगरू वाजतात. वरच्या खिडक्यांत दिवे दिसतात. आमच्या कॉलेजातली पोरे मोबाइल घेऊन येतात शूटिंग करायला." खोटे कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. मराठीत भूत म्हणा की कन्नडात देव्व म्हणा, अंधारात दोन्ही सारखेच!

घरी आल्यावर ही हकिगत मी मोठ्या उत्साहाने सांगितली. मावशीच्या शेजारच्या सिंधी आजी त्या वेळी ओट्यावर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी शांतपणे सगळे ऐकले आणि विचारले, "दिवे दिसतात? कुठल्या खिडकीत?" मला उत्तर देता येईना. मग त्या म्हणाल्या, "बेटा, वो तो हमारा घर था।"

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना नवाब हमीदुल्ला खानांनी याच महालात आसरा दिला. सुमारे चार वर्षे ही माणसे तिथे राहिली आणि नंतर बैरागढला, म्हणजे आजच्या संत हिरदाराम नगरात, गेली. आजी तेव्हा चार-पाच वर्षांच्या होत्या. एका दालनात दोऱ्यांवर चादरी टांगून चार बिऱ्हाडे केली होती. चुलींच्या धुराने छतावरची नक्षी काळी पडली, म्हणून त्यांची आई हळहळायची. त्यांचा धाकटा भाऊ तिथेच तापाने गेला. एवढे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "खरंच तिथे कोणी दिसत असेल, तर मला घेऊन चला. मी त्याला ओळखेन."

मित्रहो, त्यानंतर मला ती भुताची गोष्ट कोणाला सांगावीशी वाटली नाही.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आम्हाला घसारा शिकवतात. मालमत्तेची किंमत दरवर्षी थोडी थोडी कमी करत जायची. शेवटी पुस्तकात ती शून्य होते. पण वस्तू मात्र जागच्या जागी उभी असते! जुन्या वास्तूंचे असेच होते. राज्य गेले, वारस पांगले, राहणारे निघून गेले, की ती कोणाच्याच खात्यावर राहत नाही. मग आपण ती भुताच्या नावे टाकतो आणि वही मिटतो. भूत ना पावती मागत, ना हिशोब विचारत.

आपले म्हणणे पुराव्याने सांगावे म्हणून त्याच गावातली दुसरी वास्तू सांगतो. मिंटो हॉल. व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांच्या हस्ते १९०९ साली तिची पायाभरणी झाली. पुढे तिथे संस्थानाचे लष्करी कार्यालय होते. राजघराण्यातल्या मुली तिथे स्केटिंग करत. १९४६ पासून हमीदिया कॉलेज भरले. १९५६ साली मध्य प्रदेश राज्य झाल्यावर १९९६ पर्यंत विधानसभा बसली. आज तिथे संमेलने भरतात, आणि २०२१ साली तिला धारच्या कुशाभाऊ ठाकऱ्यांचे, म्हणजे एका मराठी माणसाचे, नाव मिळाले. या वास्तूतल्या भुताची गोष्ट मात्र मला कोणी सांगितली नाही. कशी सांगणार? तिथे भुताला राहायला रिकामी खोलीच उरली नाही.

कोणी म्हणेल, गंमत आहे, एवढे मनावर कशाला घ्यायचे? भुताच्या गोष्टी मलाही आवडतात. पण आजीच्या गोष्टीतली भुते आठवून पाहा. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. त्या प्रत्येकाला एक आयुष्य होते, एक इच्छा अपुरी राहिली होती, आणि गोष्ट ऐकणाऱ्याला ती माहीत असे. आपल्या लोकांनी भुतांच्या रूपाने दुःखाची नोंद ठेवली. मोबाइलमधल्या भुताला नाव नाही, गाव नाही, दुःख नाही. ते नोंद ठेवत नाही, होती ती नोंद पुसते.

भोपाळात हे फार खटकते. युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्याकडे बोट दाखवूनही मावसभाऊ त्याच आवाजात म्हणाला, "रात्री इथे रडणे ऐकू येते." अरे, तिथे रडणे ऐकायला भुते कशाला हवीत? सरकारी आकडा धरला तरी पाच हजारांवर माणसे गेली. त्यांच्यासाठी लढणाऱ्या संघटना याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर, म्हणजे ७१५ कोटी रुपयांवर, तडजोड झाली. ते पैसे लाखोंमध्ये वाटले गेले आणि आजारपणे मागे उरली. आजूबाजूच्या वस्त्यांत ज्यांची छाती अजून भरून येते, ती माणसे जिवंत आहेत. त्यांच्याशी बोलायचे सोडून आपण भिंतीला कान लावतो!

भोपाळचा ताजमहाल दुरुस्त व्हावा असे मलाही वाटते. पण केवळ पंचतारांकित पाहुण्यांसाठी नव्हे. त्यातले एक दालन तरी असे असावे, की जिथे बेगमेच्या जश्नाबरोबर दोरीवरच्या चादरींचीही हकिगत सांगितली जाईल.

आणि भोपाळ दूर आहे, पण आपले गाव जवळ आहे. आपल्या सीमाभागात पडके वाडे थोडे नाहीत, बंद पडलेली चित्रपटगृहे थोडी नाहीत, आणि प्रत्येकाचे एक भूतही ठरलेले आहे. पुढच्या वर्षीच्या अंकासाठी आपण प्रत्येकाने एकेक वास्तू घ्यावी. कोणी बांधली, कोणी राबले, कोण राहिले, कोण का गेले, हे जुन्या माणसांना विचारून पानभर लिहावे. मराठी विभागात मराठीतून, कन्नड विभागात कन्नडमधून. विचारायला मात्र उशीर करू नये. इमारती थांबतात, आजी थांबत नाहीत.