कणकुंबीच्या घराला आधी कोरडी भिंत हवी

बेळगावहून जांबोटी ओलांडून चोर्ल्याच्या घाटाकडे निघालं की रस्त्यालगत नवी घरं दिसतात. साचा बहुतेक एकच: आरसीसीचे खांब, सपाट स्लॅब, भिंतीच्या कडेलाच संपणारं छत, सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लॅस्टिक पेंट. बेळगाव शहरात हा नकाशा निभावून जातो. घाटमाथ्यावर नाही. काही पावसाळे गेले की त्याच स्लॅबवर लोखंडी कैच्या उभ्या राहतात आणि वर पत्रे चढतात. एका घरासाठी दोन छपरांचा खर्च होतो, आणि तोही बहुधा कर्ज काढून.

याच रस्त्यावरचं कणकुंबी हे मलप्रभेच्या उगमाचं गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे 790 मीटरवर. पाऊस बेळगाव शहराच्या दुपटीहून अधिक. जून ते सप्टेंबर धुकं आणि ओल, डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन आणि पहाटे गारठा, एप्रिलमध्ये दुपारी तापलेली कौलं. देशाच्या बांधकाम नियमांत हवामानाचे पाच विभाग आहेत: उष्ण-कोरडा, उबदार-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. घरांसाठीची ‘इको निवास संहिता’ 2018 मध्ये आली तीही याच विभागांवर बेतलेली. भरपूर पाऊस आणि गारठा एकत्र भोगणाऱ्या घाटमाथ्याला त्यात वेगळा रकाना नाही. त्यामुळे इथल्या घराचा विचार इथेच करावा लागतो.

थंडीच्या घराचा जगप्रसिद्ध नमुना जर्मनीतला. डार्मस्टाट शहरात 1991 मध्ये पहिलं ‘पासिव्हहाउस’ उभं राहिलं. जाड उष्णतारोधक भिंती, तीन काचांच्या खिडक्या, हवाबंद सांधे, आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र. घर उबदार ठेवण्यासाठी दर चौरस मीटरमागे वर्षाला 15 युनिटांहून जास्त ऊर्जा लागू नये, ही त्यांची अट. तिथे लढाई बाहेर पळणाऱ्या उष्णतेशी असते. कणकुंबीत ती आधी आत शिरणाऱ्या पाण्याशी आहे. असं हवाबंद घर इथे बांधलं आणि जुलैत दोन दिवस वीज जाऊन ते हवेचं यंत्र थांबलं, तर स्वयंपाकाची वाफ, ओले कपडे आणि माणसांचा श्वास यांचीच बुरशी भिंतीवर उठेल.

पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. कोरड्या विटेच्या छिद्रांत हवा असते, भिजलेल्या विटेत पाणी. म्हणून ओली भिंत ऊब लवकर सोडते. वर ती वाळताना आणखी उष्णता ओढून घेते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. भिंतीत मुरलेलं पाणी सगळा हिवाळा असं वाळत राहिलं, तर खोलीत हीटर लावून ती गरम करण्याला काय अर्थ उरला? ऊर्जा वाचवण्याचं पहिलं काम इथे सौरपॅनेलचं किंवा एलईडी दिव्यांचं नाही. ते जोत्याचं आणि वळचणीचं आहे.

जुन्या घरांना हे ठाऊक होतं. उंच जोतं, उतरतं कौलारू छप्पर, खाली आलेली वळचण, पडवी, आणि झड बसणाऱ्या अंगाला गवताचे किंवा झावळ्यांचे आडोसे. चुलीची धग माळ्यावर पोहोचून तिथलं भात-सरपण कोरडं राहायचं. पण त्या घरांचे गोडवे गाताना त्यांतला धूर आणि अंधार विसरून चालणार नाही. धुराने खोकणाऱ्या बाईला ते घर कधी आदर्श वाटलं नसेल. कौलंही लोकांनी हौसेने सोडली नाहीत. माकडं ती फोडतात, शाकारणीला माणूस मिळत नाही आणि लाकूड परवडत नाही.

म्हणून नव्या घरात जुन्याची नक्कल नको, त्यामागचा हिशेब हवा. लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर उतरतं छप्पर, त्याखाली हवा खेळेल एवढी जागा आणि मग तक्तपोशी किंवा माळा. स्लॅबवर पुढे चढणारच असलेले पत्रे सुरुवातीलाच नकाशात धरले, तर स्लॅबही बऱ्याचदा टाळता येतो. नैऋत्येकडून येणाऱ्या झडीच्या अंगाला सरपणाची खोप, न्हाणी, कोठार. झोपायच्या खोल्या पूर्वेला आणि दक्षिणेला.

इथे एक खरा पेच आहे. पावसाला रुंद वळचण हवी, हिवाळ्यातल्या उन्हाला अरुंद. कणकुंबीचा अक्षांश साडेपंधराहून थोडा अधिक, त्यामुळे 21 डिसेंबरला भरदुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे 51 अंशांवर असतो. तीन फुटांची वळचण त्या वेळी दक्षिणेच्या भिंतीचा वरचा पावणेचार फुटांचा पट्टा सावलीत ठेवते. त्याखाली ऊन पोहोचतं. तेव्हा वळचण कापायची नाही, खिडकी खाली आणायची. तिचा उंबरा जमिनीपासून दोन फुटांवर ठेवला की जानेवारीचं ऊन थेट फरशीवर पडतं. एप्रिलमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, मग तीच वळचण ती खिडकी झाकते.

भिंतीसाठी पर्याय जवळच आहेत. खानापूर तालुका मातीकामासाठी जुना, तिथे केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थाही आहे. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली ‘रॅट ट्रॅप’ जोडणी, म्हणजे विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी सोडणं, सुमारे एक-चतुर्थांश विटा वाचवते आणि ती पोकळी ऊबही राखते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 मध्ये सुरू झालेल्या ‘अस्त्र’ या गटाने थोडं सिमेंट घालून दाबलेल्या आणि भट्टीत न भाजलेल्या मातीच्या विटांवर काम केलं. धुराडं असलेली ‘अस्त्र ओले’ चूलही त्यांचीच. न्हाणीत पाणी तापवायला अशी चूल पावसाळ्यात उपयोगी, कारण ढगाळ जुलैत सौर गिझर नावापुरताच उरतो.

कर्नाटकात ‘गृहज्योती’ योजनेखाली घरगुती वीज 200 युनिटांच्या मर्यादेत मोफत आहे. त्यामुळे घर ऊर्जा वाचवणारं का करायचं, असा प्रश्न गावात येतोच. मोफत वीजही तार तुटली की येत नाही. घाटमाथ्यावर वादळात झाड पडून लाइन जाते, त्या रात्री घर स्वतःच्या भिंतींवर कोरडं आणि उबदार राहिलं पाहिजे. घरकुल योजनांतून गरिबांना मिळणारी घरं तर याच कसोटीवर तपासायला हवीत; डॉक्टरचं बिल त्यांनाच सर्वांत जड जातं. योजनेचा नकाशा मंजूर करणाऱ्या अभियंत्याने कणकुंबीसाठी वळचणीचे फूट वाढवून दिले, तर तो खर्च पुढच्या पत्र्यांपेक्षा कमीच ठरेल.

वेळापत्रकाचंही भान हवं. पाया दिवाळीनंतर लगेच, छप्पर मार्चपूर्वी, म्हणजे गिलाव्यातलं पाणी उन्हाळ्यात निघून जातं. मे महिन्याच्या शेवटी घाईने गिलावा करून वर प्लॅस्टिक पेंट मारला की आतली ओल कोंडली जाते आणि पहिल्याच श्रावणात पापुद्रे सुटतात. पहिलं वर्ष चुन्याच्या हातावर काढावं. रंगाचे पैसे तेवढे जोत्याच्या ओलरोधक थरावर आणि वळचणीच्या पन्हळीवर घालावेत.