पडीक म्हणवल्या माळावरचा कॅमेरा

वन्यप्राणी पाहायचे तर ताडोबाच गाठायला हवे, हा समज बीडकरांनी सोडावा. पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य १९९४ पासून आपल्या दाराशी आहे. बालाघाटच्या खुरट्या झुडपांत मोर टिपायचा तर आधी केकारवाची दिशा ओळखावी लागते, मातीतले ठसे वाचावे लागतात, फोटो त्यानंतर. ही कमावलेली नजरच खरा आनंद देते, आणि ज्या माळाला आपण सर्रास पडीक म्हणतो त्याची किंमतही कळते. छायाचित्रकारांमुळे प्राणी बिथरतात, हा आक्षेप रास्तच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर प्राण्यांना हाकणे, घरटी विस्कटणे हेही शिकारीतच धरले आहे. म्हणून विणीच्या काळात घरट्यांकडे फिरकू नये, पाणवठा अडवू नये. मोर बुजला तर फोटो सोडून द्यावा.