अश्वशक्तीची हौस आणि हवेचा हिशेब

मोटारीतील प्रदूषण-निदान यंत्रणेत फेरफार केल्याच्या आरोपावरून यापुढे फौजदारी खटले भरले जाणार नाहीत, असे अमेरिकेच्या न्याय खात्याने जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केले. दिवाणी कारवाईचा मार्ग मात्र खुला ठेवण्यात आला. त्याआधी नोव्हेंबर २०२५ मध्ये वायोमिंग राज्यातील एका डिझेल मेकॅनिकला याच स्वरूपाच्या गुन्ह्याबद्दल अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी माफी दिली होती. इंजिनाची ताकद वाढवून देण्याचा व्यवसाय करणाऱ्यांच्या दृष्टीने हा मोठा दिलासा आहे. परंतु या निर्णयाने कायद्याचे एक अक्षरही बदललेले नाही. त्यामुळे मस्टँग, कॅमॅरो, चॅलेंजर यांसारख्या ‘मसल कार’ बाळगणाऱ्या शौकिनांनी आणि त्यांच्या भरवशावर चालणाऱ्या गॅरेजवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकण्यापूर्वी या दिलाशाचे खरे मोल तपासून पाहणे आवश्यक ठरते.

मध्यम आकाराच्या गाडीत अवाढव्य व्ही-८ इंजिन बसवायचे आणि ती सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत विकायची, ही कल्पना १९६४ च्या पाँटियाक जीटीओने लोकप्रिय केली. गाडी विकत घेतल्यावर ती आणखी वेगवान करणे हा त्या संस्कृतीचा पहिल्यापासूनचा भाग होता. त्या काळी कार्ब्युरेटरचे जेट बदलणे, ठिणगीची वेळ पुढेमागे करणे ही कामे पाना आणि स्क्रू-ड्रायव्हरने होत. १९७० चा स्वच्छ हवा कायदा, १९७३ चे तेलसंकट आणि १९७५ च्या मॉडेलांपासून आलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांनी या गाड्यांचा पहिला बहर ओसरला. इंधन इंजेक्शन आणि संगणक आल्यावर हा छंद संपेल, असे अनेकांना वाटले होते. घडले नेमके उलटे. १९८९ मध्ये सर्व ५.० लिटर मस्टँगमध्ये हवेचे वस्तुमान मोजणारा सेन्सर आला आणि आत येणाऱ्या हवेनुसार इंधनाचे प्रमाण स्वतःच जुळवून घेणारे हे इंजिन हौशी मंडळींचे लाडके झाले.

इंजिनाची ताकद अखेरीस ते किती हवा आत घेऊ शकते यावर ठरते. हवा जितकी थंड तितकी ती दाट. तापमान साधारण तीन अंश सेल्सिअसने उतरले की घनता सुमारे एक टक्क्याने वाढते. म्हणून बॉनेटखालच्या तापलेल्या हवेऐवजी बाहेरची थंड हवा ओढणारी रुंद नळी आणि मोठा फिल्टर बसविणे हा बहुतेकांचा पहिला बदल असतो. आधुनिक इंजिनांत कारखान्याची मूळ व्यवस्थाच बऱ्यापैकी कार्यक्षम असल्याने एवढ्यावर फार मोठा लाभ होत नाही. हाती लागते ती थोडीफार अश्वशक्ती आणि मालकाला सुखावणारा घनगंभीर आवाज.

खरी गुंतागुंत पुढे आहे. सेन्सरमधील तापलेली तार तिच्यावरून जाणाऱ्या हवेचा अंदाज घेते. नळीचा व्यास वाढला की तेवढीच हवा तारेवरून संथपणे वाहते आणि संगणकाला ती कमी असल्याचा भास होतो. तो त्या मानाने कमी इंधन सोडतो. हलक्या भारावर ऑक्सिजन सेन्सर ही चूक सावरून घेतात. पूर्ण थ्रॉटलवर मात्र कमी इंधनाचे मिश्रण अवेळी पेटून पिस्टनचे नुकसान होण्याचा धोका असतो. म्हणूनच अशा इनटेकबरोबर संगणकातील तक्ते नव्याने लिहावे लागतात. जाणकार ट्यूनर गाडी डायनोवर चढवून किंवा रस्त्यावर नोंदी घेऊन हवेचा तक्ता, इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ टप्प्याटप्प्याने जुळवितो. हे काम नीट झाले तर इंजिन अधिक ताकद देते आणि सुरक्षितही राहते.

वादाची ठिणगी नेमकी येथेच पडते. ज्या लॅपटॉपवर हवेचा तक्ता दुरुस्त होतो, त्याच लॅपटॉपवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर लक्ष ठेवणारा मागचा ऑक्सिजन सेन्सर बंद करता येतो. मग कन्व्हर्टरच काढून टाकला तरी डॅशबोर्डवरील इशाऱ्याचा दिवा लागत नाही. पहिले काम अभियांत्रिकीचे आहे, दुसरे लपवाछपवीचे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात.

कायद्याने ताकद वाढविण्यास बंदी केलेली नाही. त्याची हरकत आहे ती प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा निकामी करण्याला आणि त्यासाठी सामग्री विकण्याला. १९९० च्या दुरुस्तीनंतर ही जबाबदारी केवळ उत्पादक वा विक्रेत्यांवर न राहता सर्वांवर आली. कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने यावर एक व्यवहार्य तोडगा काढला आहे. सुटा भाग बनविणाऱ्याने चाचणी देऊन उत्सर्जन मर्यादेत राहते हे सिद्ध केले, तर मंडळ त्याला आदेश क्रमांक देते आणि तो क्रमांक असलेला इनटेक रस्त्यावरच्या गाडीत राजरोस बसविता येतो. जुलै २०२१ पासून त्या राज्यातील धूर-तपासणीत संगणकातील सॉफ्टवेअरही पडताळले जाते. मान्यता नसलेले सॉफ्टवेअर आढळल्यास गाडी नापास होते. केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थाही (ईपीए) असा क्रमांक हा कायदेपालनाचा सबळ आधार मानत आली आहे.

मग अडचण कोठे आली? ती आली अंमलबजावणीत. २०१८ मध्ये डिराइव्ह सिस्टिम्स या कंपनीशी ईपीएने तडजोड केली, तेव्हा आरोप सुमारे ३ लाख ६३ हजार उत्पादनांविषयी होता. कंपनीने ३ लाख डॉलर दंड आणि नियमपालनासाठी सुमारे साडेबासष्ट लाख डॉलर खर्च मान्य केला. २०२० च्या अखेरीस ईपीएने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार आधीच्या सुमारे दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा काढून टाकण्यात आली होती आणि त्यांतून नायट्रोजन ऑक्साइडचे ५ लाख ७० हजार टनांहून अधिक जादा उत्सर्जन होणार होते. २०२४ मध्ये कॉब ट्यूनिंग या कंपनीवर सुमारे २९ लाख डॉलरचा दंड बसला.

या आकड्यांतील सर्वांत भयावह आकडा डिझेल ट्रकांचा आहे, हे ध्यानात घ्यावे लागेल. कन्व्हर्टर शाबूत ठेवून, मिश्रण नीट जुळवून ट्यून केलेली पेट्रोलवरची मस्टँग आणि सर्व गाळण्या उपटून काळा धूर ओकणारा ट्रक यांना एकाच तराजूत तोलणे न्यायाचे नाही, ही शौकिनांची तक्रार रास्त आहे. परंतु तिची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ‘केवळ शर्यतीसाठी’ असा शिक्का मारलेली उत्पादने रोज कामावर जाणाऱ्या गाड्यांत बसविली जात होती, हे या धंद्यातील सर्वांना ठाऊक होते. शर्यतीच्या गाड्यांना स्पष्ट सूट देणारे ‘आरपीएम’ विधेयक २०१६ नंतर काँग्रेसच्या एकाहून अधिक सत्रांत मांडले गेले आणि सत्रागणिक बारगळत राहिले. त्यामागे ही विश्वासाची तूटही होती, असे म्हणण्यास जागा आहे.

या पार्श्वभूमीवर २०२६ च्या निर्णयाकडे पाहिले, तर त्याचे तोकडेपण ठळकपणे जाणवते. एक तर असे धोरण पुढच्या सरकारला एका पत्रकाने फिरवता येते. संघराज्याच्या कायद्यात अशा गुन्ह्यांसाठी खटला भरण्याची मुदत सर्वसाधारणपणे पाच वर्षांची आहे. म्हणजे २०२६ मध्ये केलेल्या कृत्याचा जाब २०३१ पर्यंत विचारता येईल आणि त्याआधीच, जानेवारी २०२९ मध्ये, व्हाइट हाउसमध्ये नवा अध्यक्ष आलेला असेल. दुसरे असे की, राज्यांचे स्वतंत्र कायदे जागच्या जागी आहेत. तिसरे म्हणजे स्वच्छ हवा कायद्याने नागरिकांनाही दावा दाखल करण्याचा हक्क दिला आहे. युटामधील डॉक्टरांच्या एका संघटनेने तो वापरला आणि २०२० मध्ये न्यायालयाने डिझेल ट्रकांत फेरफार करणाऱ्यांना सुमारे साडेआठ लाख डॉलरचा दंड ठोठावला. वॉशिंग्टनने डोळे मिटले म्हणून न्यायालयाचे दार बंद होत नाही.

या अनिश्चिततेचा सर्वाधिक फटका बसतो तो प्रामाणिक छोट्या व्यावसायिकाला. चाचण्यांवर पैसा खर्च करून आदेश क्रमांक मिळविणारा महाग ठरतो आणि काहीही न करता विकणारा स्वस्त. कारवाईची भीती हाच या दोघांतील समतोल होता. तो ढळला, तर सचोटीची किंमत प्रामाणिक माणसालाच मोजावी लागेल.

भारतातील चित्र याच्या उलट टोकाचे आहे. येथे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलापासून वेगळा बदल मुळातच निषिद्ध आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. अमेरिकेने निदान ‘सिद्ध करा आणि बसवा’ असा मधला मार्ग निर्माण केला. सरसकट बंदी आणि सोयीस्कर कानाडोळा या दोन टोकांपेक्षा तोच अधिक शहाणपणाचा आहे.

तेव्हा प्रश्न अश्वशक्तीचा नाहीच. कारखान्यातून ४८० अश्वशक्तीची मस्टँग जीटी कायदेशीरपणे बाहेर पडते, तर तीत वीसची भर पडल्याने आकाश कोसळणार नाही. प्रश्न आहे पुराव्याचा. चाचणी स्वस्त आणि जलद करणे, पेट्रोल गाडीचे ट्यूनिंग आणि डिझेल ट्रकातील उखाडपछाड यांत कायद्यानेच फरक करणे आणि शर्यतीच्या गाडीची नोंद रस्त्यावरच्या गाडीपासून वेगळी ठेवणे, ही कामे काँग्रेसची आहेत. न्याय खात्याच्या पत्रकाने ती होणार नाहीत. गाडी मालकाची असते, तिचा आवाज आणि वेगही त्याचाच असतो. नळकांड्यातून बाहेर पडलेला धूर मात्र त्या क्षणापासून सर्वांचा होतो.